आधी भाकरी, मग पदवी : कर्मवीरांनी घालून दिलेली वाट

ठाणे/प्रतिनिधी

वागळे इस्टेटमधील बावीस नंबर सर्कलवर सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले, तर एकाच वयाची दोन मुले दोन दिशांना जाताना दिसतात. एकाच्या पाठीवर दप्तर असते. तो स्थानकाकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत असतो, कारण त्याचे महाविद्यालय तिकडे आहे. दुसऱ्याच्या हातात डबा असतो आणि तो पहिल्या पाळीसाठी एखाद्या गाळ्याकडे वळतो. दोघेही किसननगर, पडवळनगर वा इंदिरानगरच्या एकाच गल्लीतले असतात, पुष्कळदा दहावीपर्यंत एकाच बाकावर बसलेले. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. त्यामागे दर वेळी गुणपत्रिकाच असते असे नाही. एका घराला मुलाच्या पगाराविना तीन वर्षे काढता येतात, दुसऱ्याला ती काढता येत नाहीत, एवढाच फरक असतो.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली, ती याच वागळे इस्टेटमध्ये. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत येथील कारखान्यांत कोकणातून आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतून माणसे आली. घाटावरून आलेल्यांपैकी अनेकांची गावाकडची शाळा रयत शिक्षण संस्थेची होती. त्या शाळेत शिकलेल्या अक्षरांच्या बळावर कोणी फिटर झाला, कोणी टर्नर, कोणी स्टोअरमध्ये कारकून. पुढे अनेक कारखाने बंद झाले, त्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये उभी राहिली. त्या काचेच्या इमारतींत शिरायला मात्र पदवी लागते. म्हणूनच दहावी शिकलेल्या बापाला आपला मुलगा महाविद्यालयात गेलेला हवा असतो, आणि त्याच वेळी महिन्याअखेरीस घरात येणारा एक जादा पगारही हवा असतो.

ही कोंडी नवी नाही. ती ज्याने ओळखली आणि त्यावर आयुष्यभर उपाय शोधला, त्या माणसाने स्वतः मॅट्रिकची परीक्षाही कधी उत्तीर्ण केली नव्हती. त्यांचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील.

वसतिगृहाबाहेर काढलेला विद्यार्थी

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज येथे झाला. ते त्यांचे आजोळ. घराणे जैन, मूळ गाव सांगलीकडील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. नोकरीच्या बदल्यांबरोबर कुटुंबही गावोगाव फिरत राहिले. भाऊरावांचे मन पुस्तकात फारसे रमले नाही. कुस्ती, पोहणे आणि मित्रमंडळी यांत त्यांचा वेळ जाई. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे पाहून संतापलेल्या लहानग्या भाऊरावांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची हकीकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. कोल्हापूर तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचे होते. खेड्यातील मुलांना शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर शाळा उघडून उपयोग नाही, हे महाराजांनी जाणले होते. त्यांनी विविध जातींच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे सुरू करविली. त्यातच १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, असा बोर्डिंगच्या चालकांचा आग्रह होता. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगची धुरा तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. डोक्यावरचे छप्पर गेलेल्या या मुलाला आसरा मिळाला तो शाहू महाराजांच्या छत्रछायेत.

इंग्रजी सहावीपर्यंत त्यांची मजल गेली, त्यापुढे नाही. परीक्षेच्या मापाने पाहता ते अयशस्वी विद्यार्थीच ठरले. मात्र राहायला जागा नसली म्हणजे विद्यार्थ्याचे काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते, आणि एक वसतिगृह माणसाचे आयुष्य कसे बदलू शकते, हे कोल्हापुरात डोळ्यांनी पाहिले होते. ही शिदोरी पुढे पन्नास वर्षे पुरली.

शिकवणीपासून नांगरापर्यंत

शाळा सुटल्यावर पोटापाण्याचा प्रश्न आला. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या आणि ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांना गोवणारी खोटी साक्ष द्यावी, यासाठी भाऊरावांवर दडपण आणले गेले. त्यांना कोठडीत ठेवले गेले, मारहाण झाली, त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण साक्ष दिली नाही. ज्यांच्या बोर्डिंगमधून आपल्याला बाहेर पडावे लागले, त्यांच्याविरुद्ध खोटे बोलायलाही हा माणूस तयार झाला नाही.

त्यानंतरची काही वर्षे भाऊरावांनी उद्योगधंद्यात घालविली. वागळे इस्टेटच्या वाचकाला हा भाग जवळचा वाटावा. किर्लोस्करांच्या कारखान्याचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. ओगले यांच्या काच कारखान्यासाठी त्यांनी काम केले. पुढे साताऱ्याजवळ पाडळी येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. कारखान्यात माल कसा तयार होतो, तो शेतकऱ्याच्या गळी कसा उतरवायचा, हिशेब कसा ठेवायचा, हे सारे ते या काळात शिकले. कारखानदारीत राहिले असते तर ते सधन झाले असते. पण नफ्यातील काही भाग बहुजनांच्या शिक्षणाकडे वळावा, ही त्यांची इच्छा होती. त्यावरून कूपर यांच्याशी मतभेद झाले आणि त्यांनी ती वाट सोडली.

या भटकंतीत त्यांना खेडे आतून दिसले. शेतकऱ्याच्या घरात हुशार मुलगा असतो, गावात चौथीपर्यंत शाळा असते, आणि पाचवीसाठी तालुक्याला जायचे म्हटले की सारे थांबते. शाळेची फी हा अडचणीचा एक छोटा भाग होता. मुलाने तालुक्याला राहायचे कोठे, खायचे काय आणि त्याच्या वाट्याचे गुरांचे काम घरी कोणी करायचे, हे प्रश्न त्याहून मोठे होते.

एकाच पंगतीतील भाकरी

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या मेळाव्यात रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. महात्मा फुले यांनी रोवलेल्या विचाराचे ते रोपटे होते. संस्थेने वडाचे झाड हे आपले बोधचिन्ह मानले. पारंब्या जमिनीत रुजून नवे खोड होते, तशी एक शाखा दुसरीला जन्म देईल ही कल्पना त्यामागे होती. १९२४ साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्याला आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले.

हे वसतिगृह त्या काळी अनेकांच्या डोळ्यांत खुपले. मराठा, मुसलमान, जैन, महार, मांग अशा सर्व मुलांनी एका छपराखाली राहायचे, आळीपाळीने स्वयंपाक करायचा आणि एकाच पंगतीत बसून जेवायचे, असा तेथील नियम होता. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात बहुतेक वसतिगृहे जातवार होती. भाऊरावांनी त्यापुढचे पाऊल टाकले. मुले पाणी भरत, भाजीपाला पिकवीत, आपले कपडे आपण धूत. गावोगावच्या आयाबाया दळण-कांडण करताना मूठभर धान्य बाजूला ठेवीत. त्या मुष्टिफंडाने वसतिगृहाची चूल पेटती ठेवली. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्याला आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

या काळातील सर्वांत मोठी देणगी मात्र घरातूनच आली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या संपन्न होत्या. अंगावर भरपूर सोने घेऊन त्या सासरी आल्या होत्या. वसतिगृहात धान्य संपले की एकेक दागिना सराफाकडे जाई. अखेर मंगळसूत्रही गेले. जुन्या वळणाच्या घरातल्या या बाईंनी सर्व जातींच्या मुलांना पोटच्या पोरांप्रमाणे जेवू घातले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचे श्रेय सांगताना भाऊरावांचे नाव आधी येते. पण त्या पहिल्या मुलांच्या ताटातील भाकरीमागे लक्ष्मीबाईंचे स्त्रीधन होते, याची नोंद घेतल्याखेरीज हे चरित्र पुरे होत नाही.

पदवीची पायरी

वसतिगृहातून मॅट्रिक झालेल्या मुलांपुढे पुढचा प्रश्न उभा राहिला. साताऱ्याच्या मुलाला पदवी हवी असेल तर त्याने पुणे, सांगली वा कोल्हापूर गाठावे लागे. पुण्यातील खाणावळीचा आणि खोलीचा खर्च शेतमजुराच्या घराला झेपणारा नव्हता. म्हणून भाऊरावांनी पुन्हा तीच युक्ती योजली. पुणे करारानंतर १९३२ साली त्यांनी पुण्यात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी युनियन बोर्डिंग हाऊस काढले.

नंतरची पावले क्रमाने पडत गेली. खेड्यांत शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. बादशहाच्या रौप्यमहोत्सवाचे नाव संस्थेला देऊन भाऊरावांनी काम पुढे रेटले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल उभे राहिले. ही शाळा मोफत आणि निवासी होती आणि विद्यार्थ्याने श्रम करून आपला खर्च भागवावा, हे तेथील सूत्र होते. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. तेथेही तेच सूत्र लागू झाले.

कमवा आणि शिका या नावाने हे सूत्र पुढे महाराष्ट्रभर ओळखले गेले. विद्यार्थ्याने फीच्या बदल्यात संस्थेला श्रम द्यायचे. सकाळ-संध्याकाळ काही तास शेतात, बांधकामावर वा संस्थेच्या इतर कामांत राबायचे आणि उरलेला वेळ वर्गात व अभ्यासात घालवायचा. खडकाळ माळ फोडून मुलांनी शेती पिकवली. हातावर घट्टे पडलेला मुलगा दुपारी शेक्सपिअर वा बीजगणित शिकू लागला. यात पैशाची सोय होती, तशीच आणखी एक गोष्ट होती. मोफत शिक्षण घेणाऱ्या गरिबाच्या मनात मिंधेपणाची एक बोच असते. आपले शिक्षण आपण कमावले आहे, ही जाणीव त्या बोचेवरचा उतारा होती.

साधारण त्याच काळात मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथील वर्ग सकाळी लवकर भरत, म्हणजे विद्यार्थ्याला दिवसा नोकरी करता येई. खेड्यात काम संस्थेनेच द्यायचे आणि शहरात नोकरी सांभाळून शिकता येईल असे वेळापत्रक आखायचे, असे हे दोन उपाय होते. दोहोंच्या मुळाशी एकच समज होती. गरीब विद्यार्थ्याला कमाई थांबवून शिकता येत नाही. त्यामुळे शिक्षणानेच त्याच्या कमाईशी जुळवून घेतले पाहिजे.

सरकारशी वाद

भाऊराव कोणाच्याही मर्जीत राहण्यासाठी जन्मलेले नव्हते. स्वराज्य आल्यानंतर त्यांनी राज्यकर्त्यांवर जाहीर टीका केली. १९४८ साली मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. गांधीजींच्या स्मरणार्थ एकशे एक माध्यमिक शाळा काढण्याचा त्यांचा संकल्प त्याच सुमाराचा. शेकडो शाळा, वसतिगृहे, शिक्षक आणि हजारो विद्यार्थी यांचा संसार एका फटक्यात उघड्यावर आला. या वेळी खेडी उभी राहिली. धान्य, पैसा, गावकीची मदत जमा झाली. संत गाडगेबाबांनी भाऊरावांची बाजू उचलून धरली. संस्था टिकली आणि पुढे अनुदानही पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडला संस्थेने महाविद्यालय काढले, तेव्हा त्याला गाडगे महाराजांचे नाव दिले गेले, यामागे ही कृतज्ञता होती.

भाऊरावांच्या पद्धतीवर आक्षेपही घेतले जातात आणि ते अगदीच गैरलागू नाहीत. श्रीमंताच्या मुलाने अभ्यास तेवढा करायचा आणि गरिबाच्या मुलाने अभ्यासाआधी कुदळ मारायची, हे समतेत कसे बसते, असा प्रश्न विचारला जातो. दिवसभराच्या श्रमानंतर पुस्तकापुढे बसलेल्या मुलाला डुलकी लागते, हेही खरे. भाऊरावांच्या वसतिगृहात श्रम सर्वांना सारखे होते, त्यामुळे तेथे ही विषमता बोचत नसे. पण योजना म्हणून हे सूत्र इतरत्र गेले, तेव्हा ती समानता सर्वत्र बरोबर गेली नाही. पुष्कळ महाविद्यालयांत कमवा आणि शिका म्हणजे ग्रंथालयात वा कार्यालयात काही तास काम आणि त्याचे तुटपुंजे मानधन, एवढाच अर्थ उरला.

नव्या सवलती, जुनी कोंडी

१९५९ हे वर्ष भाऊरावांच्या आयुष्यातील शेवटचे ठरले. त्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी. लिट. पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठाची सर्वोच्च पदवी मिळाली, तेव्हा त्यांची प्रकृती पुरती ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. रयत शिक्षण संस्थेच्या शाखांची संख्या आज सातशेच्या पुढे आहे. साताऱ्यात २०२१ साली कर्मवीरांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. ठाणे जिल्ह्यात, वाशी येथेही त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

भाऊराव गेले त्याच सुमारास राज्यात आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील विद्यार्थ्यांना फी माफीची सवलत सुरू झाली. ईबीसी या तीन अक्षरांनी ती घरोघर पोहोचली. आज तीच परंपरा राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत चालू आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण फी माफ झाली. ही पावले मोठी आहेत.

तरीही बावीस नंबर सर्कलवरचे चित्र बदललेले नाही. फी माफ झाली तरी बसचा पास, पुस्तके, मोबाइलचे रिचार्ज आणि दुपारचा वडापाव यांना पैसे लागतातच. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असतील, तर अभ्यासाला कोपरा मिळत नाही. आणि सर्वांत मोठा खर्च कोणत्याही अर्जात लिहिला जात नाही. तो म्हणजे शिकणाऱ्या मुलाने घरी न आणलेला पगार. वागळे इस्टेटच्या गाळ्यांत, कुरिअरच्या दुचाकीवर वा मॉलच्या काउंटरवर अठरा वर्षांच्या मुलाला काम सहज मिळते. घर त्याच्याकडे आशेने पाहत असते. प्रवेश घेऊन दुसऱ्या वर्षी वर्गातून नाहीशी होणारी मुले येथेच गळतात.

भाऊरावांचे आयुष्य क्रमाने वाचले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यांनी वसतिगृह १९२४ साली काढले आणि महाविद्यालय १९४७ साली. आधी निवारा, भाकरी आणि काम यांची तजवीज, मग पदवी, हा त्यांचा क्रम होता. आपण शहरात हा क्रम उलटा केला आहे. महाविद्यालये पुष्कळ आहेत, जागाही आहेत, फीची सवलतही आहे. परगावच्याच नव्हे, तर शेजारच्या झोपडपट्टीतल्या मुलालाही लागणारी अभ्यासाची जागा, पोटभर जेवण आणि तासिकांशी मेळ खाणारे सन्मानाचे काम मात्र नाही. औद्योगिक वसाहतीला लागूनच हजारो विद्यार्थी राहतात. येथील आस्थापनांनी चार-पाच तासांच्या पाळ्या विद्यार्थ्यांसाठी राखल्या, महाविद्यालयांनी त्याप्रमाणे वेळापत्रके आखली आणि पालिकेने रात्री उघड्या राहणाऱ्या अभ्यासिका वाढवल्या, तर कमवा आणि शिका या शब्दांना येथे पुन्हा अर्थ येईल. साताऱ्याचा माळ फोडून तेथे कॉलेज उभे करण्यापेक्षा हे काम खचितच अवघड नाही.

दर वर्षी २२ सप्टेंबरला कर्मवीरांच्या प्रतिमेला शाळाशाळांतून हार घातले जातात. त्याच सकाळी सातची पाळी गाठणारा तो मुलगा बावीस नंबर सर्कलवरून जात असतो. कर्मवीरांनी आपले सारे आयुष्य वेचले ते त्याच्यासारख्यांसाठी.